स्प्रे गनचं सेटिंग आधी हवेचं, मग रंगाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस आहे, पार्किंग झाकलेलं आहे, आणि जुन्या पांढऱ्या वॅगन आरचा डावा फेंडर व पुढचा बंपर घरीच रंगवायचाय. दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आणलाय. १.४ मिलिमीटर नॉझलची एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबावर चालणारी गन नवी घेतलीय. भंगारातल्या पत्र्यावर मारून पाहिलं तर रंग खरखरीत बसला, मधेच गन थुंकली आणि खालच्या कडेला ओघळ आला. गन खराब लागली का, आणि दुसरी महागाची घ्यावी का?

गन बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण गनच्या अलीकडे, कॉम्प्रेसर आणि पाइपात आहे. माझ्याकडे अंबडला डेंटिंग-पेंटिंगच्या शेडवर शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात गनच्या स्क्रूंशी खेळत बसतात. मी त्यांना आधी टाकीचा काटा बघायला लावतो. सेटिंगचा एक क्रम आहे: हवा, मग गनची अवस्था, मग रंगाचा पातळपणा, मग भिंतीवरच्या कागदावर चाचणी, आणि सगळ्यात शेवटी हात. हा क्रम उलटा केला की एका स्क्रूने दुसऱ्याची चूक झाकत बसावं लागतं आणि दुपार वाया जाते.

हवेवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं इथंच अडतं.

एचव्हीएलपी गनमध्ये एअर कॅपपाशी दाब १० पौंडांच्या वर जात नाही. आपण कामात पौंड म्हणतो ते म्हणजे काट्यावरचे पीएसआय. इतक्या कमी दाबात रंगाचे बारीक थेंब करायचे तर हवा भरपूर लागते. म्हणून या गन हवेला हावऱ्या असतात. गनसोबतच्या कागदावर गरज सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशी लिहिलेली असते. मोठ्या गनचा आकडा बहुतेक वेळा १० च्या आगेमागे किंवा त्याहून जास्त असतो. तुमच्या कॉम्प्रेसरवर ७ किंवा ८ सीएफएम छापलेलं असेल, पण तो पिस्टनच्या आकारावरून काढलेला हिशोब आहे. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा, म्हणजे ५ च्या आसपास.

हे घरी मोजताही येतं. बाहेर जायचा कॉक बंद करा, कॉम्प्रेसर चालू करा आणि काटा ६० वरून ९० पौंडांवर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ५० लिटरच्या टाकीत एवढ्या वाढीसाठी साधारण १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट मोकळी हवा भरावी लागते. ४५ सेकंद लागले तर तुमचा कॉम्प्रेसर पावणेपाच सीएफएमचा. एक मिनिट लागलं तर साडेतीनचाच. हा आकडा कॉम्प्रेसरच्या पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा खरा.

आता गणित पुढे न्या. टाकी १०० पौंडांवर भरलेली आहे आणि ४० च्या खाली गेली की गनला पुरेसा दाब राहत नाही असं धरा. या दोन्हींच्या मध्ये टाकीत सुमारे २०० लिटर, म्हणजे ७ घनफूट हवा आहे. गन मिनिटाला १० मागते आणि कॉम्प्रेसर ५ देतो, म्हणजे मिनिटाला ५ ची तूट. ७ घनफूट साधारण सव्वा ते दीड मिनिटात संपतात. त्यानंतर ट्रिगर दाबलेलाच ठेवलात तर थेंब मोठे होत जातात, रंग खरखरीत बसतो, आणि तुम्हाला वाटतं रंग कमी पडतोय. मग फ्लुइडचा स्क्रू उघडता, हात हळू करता, आणि खालच्या कडेला ओघळ येतो. तुमच्या पत्र्याचं बहुधा हेच झालंय.

याचा अर्थ कॉम्प्रेसर फेकून द्या असा नाही. फेंडरचा एक कोट सराईत हाताने मिनिटभरात होतो. टाकी पूर्ण भरू द्या, मोटर बंद झाल्याचा आवाज आला की सुरू करा, एक कोट मारा, थांबा. दोन कोटांच्या मध्ये नाहीतरी दहा-पंधरा मिनिटं सोडायचीच असतात. बंपर लांब आणि वळणावळणाचा असतो, तो मधल्या नंबर प्लेटच्या जागी मनात दोन भाग करून मारा आणि मधे टाकी भरू द्या. बोनेट किंवा टप मात्र या कॉम्प्रेसरवर एचव्हीएलपीने करायला जाऊ नका. ओली कड ओली असतानाच पुढचा पट्टा पडला पाहिजे, तिथं थांबायला सवड नसते. मोठी पॅनल करायची असतील तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन बघा, ती चार ते सहा सीएफएममध्ये काम करते. वेग थोडा कमी, पण घरच्या कॉम्प्रेसरशी तिचं जमतं.

दाब कुठे बघायचा, इथे बरेच जण फसतात. कॉम्प्रेसरवरच्या रेग्युलेटरला ३० पौंड दिसतात, पण दहा मीटर बारीक नळी आणि दोन क्विक कपलर ओलांडून गनच्या मुठीपाशी त्यातले किती पोचतात? सहा मिलिमीटर भोकाच्या नळीतून बऱ्यापैकी दाब वाटेतच मरतो. आतून किमान आठ मिलिमीटरची नळी घ्या, लांब असेल तर दहाची. आणि गनच्या मुठीला लागणारं छोटं गेज बसवा. महाग नसतं. दाब वाचायचा तो ट्रिगर पूर्ण दाबून, हवा वाहत असताना. ट्रिगर सोडल्यावर काटा वर जातो, त्या आकड्याला काही अर्थ नाही. एचव्हीएलपीसाठी मुठीपाशी साधारण २५ ते ३० पौंड धरून सुरुवात करा. गन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या.

विजेकडेही बघा. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॉट, आणि मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. घरातल्या मिक्सरच्या प्लगला पातळ एक्स्टेंशन जोडून चालवलात तर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते, नीट उचलत नाही आणि हवा आणखी कमी मिळते. १६ अँपियरचा पॉइंट वापरा आणि वायर लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांबवा. कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब राहतो हाही फायदाच.

मग पाणी. हवा दाबली की गरम होते आणि गार झाली की त्यातलं बाष्प पाणी होऊन सुटतं. म्हणून वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावला तर तो नुसता शोभेचा राहतो. तिथं हवा अजून गरम असते, पाणी वाफ होऊनच पुढे जातं आणि नळीत गार होऊन तुमच्या गनमधून बाहेर पडतं. मधे पाच-सहा मीटर नळी जाऊ द्या, मग ट्रॅप लावा, मग गन. कायमची लाइन टाकायची झाली तर जीआय किंवा तांब्याची टाका. प्लंबिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेसाठी कधीही वापरू नका, तो फुटतो तेव्हा तुकडे होऊन उडतात. टाकीच्या बुडाचा ड्रेन रोज उघडा. पावसाळ्यात पेलाभर पाणी निघालं तर घाबरू नका, ते टाकीत राहिलं असतं तर फेंडरवर आलं असतं. पाण्याबरोबर तेलही येतंय का ते बघा. पांढरा कागद गनच्या तोंडासमोर धरा आणि मिनिटभर नुसती हवा सोडा. कागदावर तेलकट ठिपके दिसले तर बहुधा कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात. अशा हवेने मारलेल्या रंगात गोल गोल खड्डे पडतात, ज्याला आपण फिशआय म्हणतो, आणि त्यावर कितीही कोट दिले तरी ते भरत नाहीत.

आता गन. एअर कॅप काढा, ट्रिगर ओढून धरा म्हणजे सुई मागे सरकते, आणि मग नॉझल सोबतच्या पान्याने सोडवा. सुई पुढे असताना नॉझल फिरवलं तर टोक घासलं जातं. नव्या गनमध्ये कारखान्यातलं तेल असतं, थिनरने सगळं धुवा. पुन्हा जोडताना नॉझल घट्ट बसलंय याची खात्री करा, पण पिळून आटे उडवू नका. नॉझल सैल असेल तर हवा मागे शिरते, कपात बुडबुडे येतात आणि गन थुंकते. कपाच्या झाकणाचं बारीक भोक मोकळं आहे ना? ते बुजलं की कपात पोकळी तयार होते आणि रंग अडत अडत येतो. सुईच्या मागचं पॅकिंग कोरडं असेल तरी हेच होतं. तिथं सिलिकॉन नसलेल्या, गनसाठीच मिळणाऱ्या ग्रीसचा ठिपका पुरतो. सिलिकॉनचा स्प्रे, डॅशबोर्ड पॉलिश, टायर शाइन या गोष्टी रंगकामाच्या जागेत आणूच नका.

नॉझलबद्दल: १.४ हे टॉपकोट (वरचा रंग) आणि क्लिअर (त्यावरचा पारदर्शक थर) यांना बरोबर आहे. प्रायमर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा ओरखडे भरणारा थर, दाट असतो, त्याला १.६ ते १.८ लागतं. १.४ मधून सरफेसर मारायचा म्हणून तो थिनरने पाण्यासारखा करणारे मी पाहिलेत. मग तो भरतच नाही, पेपर मारला की खालचा पत्रा उघडा पडतो. प्रायमरसाठी साधी स्वस्त गन वेगळी ठेवा आणि चांगल्या गनला प्रायमर दाखवू नका.

हार्डनरचा डबा उघडण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी. पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुफ्फुसात जातं आणि त्यातून कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. वासावरून ते कळेल असं समजू नका. रुमाल, कापडी मास्क, हॉस्पिटलचा मास्क यांचा इथे काहीही उपयोग नाही. किमान ऑरगॅनिक व्हेपर काड्रिज आणि त्यापुढे धुळीचा फिल्टर असलेला रबरी मास्क हवा, चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो बसत नाही. मोठ्या कामाला बाहेरून ताजी हवा देणारा मास्कच योग्य. डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मुलं, म्हातारी माणसं, घरात कोणाला दमा असेल तर ती व्यक्ती त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, कारण फवारा बसल्यावरही थेंब बराच वेळ हवेत तरंगतात. चांगला मास्क घ्यायची तयारी नसेल तर घासणं, पुट्टी आणि पेपर घरी करा आणि टॉपकोटसाठी फेंडर-बंपर खोलून बूथवाल्या गॅरेजमध्ये न्या. यात कमीपणा काही नाही.

आगीचंही बघा. रो-हाऊसचं पार्किंग म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या खिडकीखाली. वर गॅस गिझर चालू असेल, देवघरात समई तेवत असेल, तर थिनरची वाफ तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते. खिडक्या बंद, गिझर बंद, समई-उदबत्ती शांत, आणि मोटर फवाऱ्यात येईल असा साधा पंखा लावायचा नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून त्यांच्या गाड्या हलवायला लावा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे कण उडता उडता सुकतात आणि पुसले जातात. पीयूचे कण ओलेच जाऊन दुसऱ्याच्या काचेवर, बोनेटवर घट्ट बसतात. मग नातं बिघडतं आणि पॉलिशचा खर्चही आपल्या अंगावर येतो.

रंगाचा पातळपणा अंदाजाने ठरवू नका. काडी बुडवून धार कशी पडते ते बघणारे उस्ताद आहेत, पण त्यांच्या डोळ्यामागे आयुष्य आहे. तुम्ही बी-४ फोर्ड कप घ्या, म्हणजे बुडाला ठरावीक मापाचं भोक असलेला कप. रंगाच्या दुकानात मिळतो, प्लास्टिकचाही चालतो. हार्डनर आणि थिनर डब्यावरच्या प्रमाणात मिसळा, ढवळा, गाळणीतून गाळा. खालचं भोक बोटाने दाबून कप काठोकाठ भरा, बोट काढताच वेळ लावा. धार सलग पडत राहते आणि एका क्षणी तुटून थेंब सुरू होतात. धार पहिल्यांदा तुटली की वेळ थांबवायची, थेंब संपण्याची वाट बघायची नाही. बहुतेक पीयू टॉपकोट १८ ते २० सेकंदांच्या आसपास चालतात, सरफेसर त्याहून दाट, पण तुमच्या डब्यावर जो आकडा आहे तोच खरा. डब्यावर डिन-४ कप लिहिलं असेल तर ते सेकंद वेगळे, फोर्ड कपाशी त्यांची सरमिसळ करू नका.

इथे नाशिकचं हवामान मधे येतं. बी-४ चे आकडे सहसा ३० अंशांवरचे दिलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा १० च्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी खाली. त्या वेळी तोच रंग, तेच प्रमाण, पण कपातून उतरायला कितीतरी जास्त सेकंद घेतो. लोक मग थिनर ओतत सुटतात, आणि दुपारी गरम झाल्यावर तोच रंग पॅनलवरून ओघळतो. थिनर वाढवण्याऐवजी झाकण लावलेला डबा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा आणि मग मोजा. गॅसवर, शेगडीवर अजिबात नाही. पत्राही गार असतो, त्यावर न दिसणारं दव धरतं. थंडीत साडेदहा-अकराच्या आधी गन हातात घेऊ नका आणि ऊन उतरायच्या आत शेवटचा कोट संपवा, कारण संध्याकाळी चिलटं ओल्या रंगाकडे येतात. एप्रिल-मेमध्ये उलटं, सकाळी लवकर मारा आणि स्लो थिनर वापरा. नाहीतर थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये घरचं काम पुढे ढकला. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग पांढुरका होतो. एनसीमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं.

आता कागद. भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं किंवा तपकिरी कागद मास्किंग टेपने छातीच्या उंचीवर चिकटवा. तुमचे घरचे लोक पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतात म्हणता, म्हणजे ब्लोअरची चकती झिजली की पानावर थेंब कसे मोठे पडतात आणि दाब वाढवला की औषध धुक्यासारखं उडून कसं जातं ते तुम्ही पाहिलंय. गनमध्येही तेच, फक्त वीतभर अंतरात.

गनला तीन नियंत्रणं असतात: मागे वरचा स्क्रू सुईचा, म्हणजे रंग किती, बाजूचा किंवा त्याखालचा फॅनचा, म्हणजे पट्टा किती रुंद, आणि मुठीच्या तळाशी हवेचा. काही गनवर जागा वेगळ्या असतात, फिरवून बघा. फॅन पूर्ण उघडा. सुईचा स्क्रू पूर्ण बंद करा. ट्रिगर पूर्ण दाबून हवा लावा, पण पहिल्यांदा मुद्दाम कमी, २० पौंडांच्या आसपास. आता सुईचा स्क्रू दोन-अडीच फेरे उघडा. एअर कॅपची शिंगं आडवी असली की पट्टा उभा पडतो. गन कागदापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर, काटकोनात धरा. क्षणभर ट्रिगर दाबा आणि सोडा. हात हलवायचा नाही.

जवळ जाऊन बघा. उभा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता ठसा दिसला पाहिजे. कमी दाबावर त्याच्या कडांना मोठे ठिपके असतात, मोहरीच्या दाण्याएवढे, आणि मधे ओलं जाड. आता दाब दोन-तीन पौंडांनी वाढवा, शेजारी दुसरा ठसा मारा. पुन्हा वाढवा, तिसरा. कागदावर ओळीने ठसे दिसतील आणि त्यात ठिपके बारीक होत गेलेले कळतील. जिथं मधले आणि कडेचे ठिपके सारखेच बारीक झाले, तिथं थांबा. त्यापुढे दाब वाढवला तर ठसा आणखी सुबक होत नाही, नुसता धूर वाढतो, रंग हवेत जातो, आणि एका पातळीनंतर ठसा मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड होऊ लागतो. पुरेसा म्हणजे सगळ्यात कमी दाब, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. जास्त दाबाने फिनिश येतं हा गैरसमज जुन्या हाय प्रेशर गनमधून आलेला आहे.

ठसा वाकडा आला तर? कॅप अर्धा फेरा फिरवा, म्हणजे वरचं शिंग खाली किंवा डावं उजवीकडे, आणि पुन्हा मारा. वाकडेपणा कॅपबरोबर फिरला तर कॅपचं एखादं भोक तुंबलंय. तो जागच्या जागीच राहिला तर दोष नॉझल किंवा सुईच्या टोकात. कॅपची भोकं थिनरमध्ये भिजवून लाकडी दातकोरणीने आणि मऊ ब्रशने साफ करायची. तार किंवा सुई घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी पट्टा पुन्हा सरळ येत नाही.

एक चाचणी मात्र चुकवू नका. शिंगं उभी करा म्हणजे पट्टा आडवा पडेल. आता ट्रिगर दाबून धरा, रंग कागदावरून ओघळायला लागेपर्यंत. आडव्या पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर ओघळ जवळपास सारख्या लांबीचे आले पाहिजेत. मधले ओघळ लांब आणि कडेचे आखूड असतील तर रंग जास्त किंवा हवा कमी. सुई थोडी बंद करा. दोन्ही टोकांना लांब आणि मधे आखूड असतील तर हवा जास्त, किंवा फॅन रंगाच्या मानाने फार रुंद. दाब कमी करा किंवा फॅन जरासा आवळा. टप्प्याटप्प्याने, एका वेळी एकच स्क्रू. दोन स्क्रू एकदम फिरवलेत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. फेंडरवर ओघळ का येतो, मधल्या भागात रंग जाड का बसतो, याचं उत्तर या एका कागदात मिळतं. जमलेल्या सेटिंगचे फेरे आणि पौंड मार्करने कागदावरच लिहून ठेवा.

हाताबद्दल फार लिहित नाही, तो मारून मारूनच बसतो. मनगट वळवून कमानीत गन फिरवू नका, कोपर आणि खांद्यातून पॅनलला समांतर न्या. वेग सेकंदाला साधारण एक फूट. ट्रिगरचा पहिला टप्पा नुसती हवा सोडतो. पॅनलच्या कडेच्या आधी हवा, कडेवर येताना रंग, पलीकडची कड ओलांडल्यावर रंग बंद. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे, म्हणून गनचं टोक आधीच्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर रोखायचं. कडा आणि चाकावरची कमान आधी एकेक हलका पट्टा देऊन घ्या, मग सपाट भाग वरून खाली. तुमचा ओघळ नेमका खालच्या कडेला आला त्यात, हवा कमी पडण्याबरोबरच, तिथं हात वळवून परतताना ट्रिगर न सोडल्याचाही बहुधा वाटा आहे.

पांढऱ्या रंगात ओलं किती झालंय ते समोरून कळत नाही. फवाऱ्यापासून लांब, बाजूला एक ट्यूबलाइट तिरपी लावा आणि पॅनलमध्ये तिचं प्रतिबिंब बघत चला. रेघ तुटक, दाणेदार दिसली तर कोरडं जातंय. अखंड आणि चमकदार झाली की तो पट्टा पुरा, तिथं पुन्हा फिरू नका. पहिला कोट मुद्दाम हलका द्या, खालचं थोडं दिसत राहिलं तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी मास्किंगच्या टेपवर पडलेल्या रंगाला बोट लावा. बोटाला चिकटला पण तार निघाली नाही, तर दुसरा कोट. पांढरा झाकायला कमी असतो, तिसरा लागू शकतो.

तुमचं नशीब चांगलं की गाडी सॉलिड पांढरी आहे. पीयूमध्ये सॉलिड पांढरा थेट टॉपकोट म्हणून मिळतो, वर क्लिअर लागत नाही. सिल्व्हर असती तर मी घरी करा म्हटलं नसतं. त्यात फ्लेक, म्हणजे चमकीचे कण, कसा झोपतो यावर शेड बदलते, हवा जरा कमी-जास्त झाली की ढगांसारखे डाग दिसतात. पण पांढऱ्यातही जुना पांढरा उन्हाने थोडा पिवळा झालेला असतो. नुसता कोड सांगून रंग आणू नका. पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून गावातल्या रंगाच्या दुकानात न्या आणि त्याला मिळवून टिंट करून घ्या. मग एका पत्र्याच्या तुकड्यावर पूर्ण कोट मारून सुकवून गाडीला लावून बघा, सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे.

बंपर प्लास्टिकचा आहे. जुना रंग शाबूत असेल तर ८०० च्या पेपरने घासून त्यावर मारता येईल, पण जिथं काळं प्लास्टिक उघडं पडलंय तिथं आधी प्लास्टिक प्रायमर हवाच, नाहीतर पहिल्याच प्रेशर वॉशमध्ये पापुद्रे सुटतात. म्हणून आधी फेंडर करा, हात आणि सेटिंग जमल्यावर बंपर.

काम संपलं की चहाच्या आधी गन धुवा. पीयू कपात तासाभरात घट्ट व्हायला लागतो आणि एकदा नॉझलमध्ये जमला की थिनरने सुटत नाही. उरलेला रंग काढा, थोडं थिनर घालून हलवा, कागदावर मारा, ओता, पुन्हा स्वच्छ थिनर. मग कॅप आणि नॉझल काढून ब्रशने धुवा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, पॅकिंग आणि रबरी वॉशर फुगतात. वापरलेलं थिनर गटारात ओतलं तर ते नासर्डीतून गोदावरीलाच मिळतं. डब्यात झाकून ठेवा, गाळ खाली बसू द्या. वरचं निवळलेलं पुढच्या वेळी गन धुवायला चालतं. आणि कामाचा कागद फाडून टाकू नका. त्यावर तुमचे फेरे आणि पौंड लिहिलेले आहेत, बंपरच्या दिवशी तिथूनच सुरुवात करायची आहे.